न्हाणीतला बेडूक आणि मोदकाचा साचा

आमच्या न्हाणीत झाडबेडूक राहतो. एक गेला की दुसरा येतो, जागा मात्र तीच: झरोक्याखालचा कोपरा. दिवसा तो भिंतीला चिकटून असतो, रंग सुकलेल्या विरीसारखा, म्हणजे पोफळीच्या पानाच्या खोळीसारखा, फिका, हातपाय पोटाखाली घट्ट दुमडलेले, हनुवटी भिंतीला टेकलेली. नवीन पाहुण्याला ते चिखलाचं ढेकूळच वाटतं. रात्री सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या, दिवा गेला, की तो खाली उतरतो आणि ओल्या लादीवर बसतो. पाण्यात तोंड घालत नाही. मागचे पाय थोडे पसरून पोटाचा खालचा भाग लादीला दाबतो आणि गप्प बसून राहतो. तो पाणी पीत असतो.

सत्तावीस वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात विज्ञान शिकवलं, आता घरचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, बघते. पावसाळ्यात मुलं फोनवर फोटो घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "टीचर, ह्याचं नाव काय?" नाव मी सांगते, पण आधी त्यांना चार गोष्टी लिहायला लावते: हवा किती गरम, किती ओली, बेडूक कशावर बसला होता आणि कसा बसला होता. नाव नंतर कुठल्याही पुस्तकात सापडतं. त्या रात्रीची हवा पुन्हा सापडत नाही. आणि बेडकाच्या अंगात त्या घटकेला काय चाललंय ते हवेवरूनच कळतं.

हे घरच्या घरी, बेडकाला हातही न लावता कसं बघायचं, ते इथे लिहिते.

आधी एवढं समजून घ्या. आपलं कातडं आपल्याला जगापासून वेगळं ठेवतं, बेडकाचं तसं ठेवत नाही. त्यातून पाणी आत येतं आणि बाहेरही जातं. प्राणवायूचा बराच भाग त्यातूनच येतो आणि कार्बन डायऑक्साइड तर मोठ्या प्रमाणात त्यातूनच बाहेर पडतो. कातडं ओलं असेल तरच हा व्यवहार चालतो, म्हणून ओल सोडता येत नाही. आणि ओल ठेवली की ती उडून जाणारच. मांड्यांच्या मधली पोटाखालची कातडी पातळ असते, तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. अंगात पाणी कमी झालं की मेंदूकडून एक संप्रेरक सुटतं, त्या कातडीतली पाण्याची सूक्ष्म दारं उघडतात आणि जमिनीतली ओल आत ओढली जाते. न्हाणीतला पाहुणा लादीवर पोट टेकतो तो ह्यासाठी.

अंगाची ऊबही त्याची स्वतःची नसते. बाहेर जे तापमान तेच कमीअधिक आत. थोडक्यात बेडूक म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर. आपण तोच करायचा.

बाजारात भिंतीवर लावायचे साधे काचेचे थर्मामीटर मिळतात. दोन घ्या. दुकानातच दोन्ही शेजारी धरून बघा, एकच आकडा दाखवतात ना. माझ्या पहिल्या जोडीत दीड अंशाचा फरक होता आणि मी महिनाभर चुकीचं लिहीत बसले होते. एकाच्या फुग्याला जुन्या मलमलीची चिंधी गुंडाळा, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही सोप्यावर, सावलीत, पावसाची झड लागणार नाही अशा जागी टांगा. पंख्याने किंवा पुठ्ठ्याने पाच मिनिटं वारा घाला आणि दोन्ही आकडे वाचा. ओल्याचा आकडा खाली उतरतो, कारण पाणी उडताना ऊब घेऊन जातं. दोहोंतला फरक म्हणजे हवेची तहान.

जुलैत संततधार लागलेली असताना माझ्याकडे हा फरक अर्ध्या अंशाच्या वर जात नाही. जानेवारीत दुपारी घाटाकडून सुका वारा सुटला की आठ-नऊ अंश होतो. सुका थर्मामीटर मात्र दोन्ही वेळी फार वेगळं काही सांगत नाही, जुलैत सव्वीस-सत्तावीस, जानेवारीच्या दुपारी एकतीस-बत्तीस. म्हणून मुलांना सांगते, गोव्यातला बेडूक थंडीला भीत नाही, सुकण्याला भितो. अलास्कातल्या वुड फ्रॉगची गोष्ट उलट आहे. तिथे हिवाळ्यात त्याच्या अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं. यकृताने रक्तात ओतलेली साखर पेशींना आतून गोठण्यापासून वाचवते आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारतो. आमच्याकडची कसरत सहा-आठ महिने पाण्याविना तग धरायची आहे.

आता मोदकाचा साचा. ही युक्ती माझी नव्हे. बेडकांच्या अंगातून पाणी किती उडतं हे मोजायला शास्त्रज्ञ अगर-अगरचे नकली बेडूक करतात. अगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातली चायना ग्रास. चवथीचा साचा घरात असतोच, मी तोच घेतला. सासूबाई असत्या तर साचा देवाचा म्हणून हात लावू दिला नसता.

१०० मिली पाण्याला ३ ग्रॅम चायना ग्रास. कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवायची, मग मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची. एकही तार शिल्लक राहता कामा नये, नाहीतर मोदक मधूनच फाटतो. साच्याला तेलाचा हात लावायचा नाही, तेलाने पाणी उडणं कमी होतं. ओतायचं, तासभर थंड होऊ द्यायचं, अलगद काढायचं. चार-पाच करा. सोनार वापरतात तसला ०.१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, तो इथे कामाचा नाही. प्रत्येक मोदकाचं वजन लिहा, झाकणासारख्या पातळ प्लास्टिकवर ठेवा आणि वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवा. एक तासाने पुन्हा वजन करा. मुंग्यांवर लक्ष ठेवा. माझा एक मोदक कोंबडीने खाल्ला.

एप्रिलमधल्या एका सकाळी अकरा ते बारा मी चार ठेवले होते. प्रत्येक बत्तीस ग्रॅमच्या आसपास. माडीच्या सिमेंटच्या गच्चीवर उन्हात ठेवलेल्याचे तीन ग्रॅमहून जास्त गेले. सोप्यावर सावलीत एक ग्रॅमच्या थोडं वर. पोफळीच्या बुंध्याशी पाचोळ्यावर अर्धा ग्रॅम. आणि पाटाच्या काठाला, पाचोळ्याच्या खाली सारलेल्याचं वजन दोनदा केलं, कारण काटा बिघडला असं वाटलं. दोन दशांश ग्रॅम. तेच घर, तोच तास, त्याच वजनाचा मोदक. आपण "आज हवा कोरडी आहे" म्हणतो तेव्हा कुठली हवा? गच्चीवरचा बेडूक दोन तासांत संकटात सापडेल आणि पाचोळ्याखालचा दुपारभर झोप काढेल. कुळागरातला पाचोळा झाडून जाळायचा नाही, हे मी ह्या चार मोदकांनंतर घरात ठामपणे सांगितलं.

मोदकाच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. तो उठून सावलीत जात नाही आणि अंग चोरत नाही. न्हाणीतला बेडूक हातपाय का दुमडतो, ते पुढच्या खेपेला दोन मोदकांवर बघा. एक आडवा कापून सपाट बाजू ओल्या चिऱ्यावर टेकवा, दुसरा काडीवर उभा टोचा. उघडं अंग जितकं कमी तितकं पाणी कमी जातं. काही झाडबेडकांची कातडी पाणी जरा जास्त धरून ठेवते, म्हणून मोदकाचा आकडा हा जास्तीत जास्त किती जाईल एवढंच सांगतो.

बेडकाला पकडायचं का? नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कारण आहेच, पण मला दुसरंही कारण महत्त्वाचं वाटतं. एका ऑक्टोबरात शेजारचा पोरगा ओंजळीत मोठा भेक, म्हणजे आमच्याकडचा 'बेबो' बेडूक, घेऊन धावत आला आणि दारातच ओरडला, "टीचर, बेबो मुतलो!" सगळी पोरं हसली. मी त्याला भेक होता तिथे नेऊन ठेवायला लावला आणि मग सांगितलं, तू त्याची टाकी उपडी केलीस रे. बेडकाचं मूत्राशय म्हणजे नुसती टाकाऊ पाण्याची पिशवी नव्हे, सुक्या दिवसांसाठी साठवलेलं पाणी असतं ते. अंग सुकू लागलं की त्यातलं पाणी तो परत रक्तात घेतो. घाबरवलं की ते सोडून देतो. जुलैत त्याचं काही बिघडत नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हात त्या पोराने त्याची काही दिवसांची बेगमी सांडली होती. हाताला लावलेलं डासांचं मलम किंवा सॅनिटायझर तर त्या कातडीतून सरळ आत जातं.

पाऊस मोजायला सरळ बाजूंची कुठलीही बाटली चालते. तिचं तोंड कापून उलटं बसवा म्हणजे नाळकं (फनेल) होतं, आणि मिलिमीटरची पट्टी चिकटवा. नाळक्याचं वरचं तोंड आणि बाटलीचं बूड एकाच रुंदीचं हवं. सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचीही तीच वेळ, म्हणजे आकडे जुळवता येतात. २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर.

आमच्याकडे मामंजींची पावसाची वही आहे, शाईच्या पेनने लिहिलेली. आकड्यांच्या रांगेत दरवर्षी एकदाच समासात एक शब्द येतो: "बेबे". म्हणजे त्या रात्री शेतात मोठे बेडूक बोलले. मला आधी वाटायचं, पहिला पाऊस पडला की बेबे. वही नीट वाचली तेव्हा दिसलं की मे महिन्यातल्या एकट्यादुकट्या सरीपुढे तो शब्द जवळजवळ कधीच नाही. दोन-तीन दिवस लागोपाठ पाऊस झाला, जमीन खोलवर भिजली, की मग समासात शाई उमटते.

त्याला कारण आहे. मोठे बेडूक सुका काळ जमिनीत काढतात. श्वास मंदावतो, अंगातलं काम अगदी थोड्यावर येतं, साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरतात. त्या काळात अनेक जातींच्या बेडकांच्या रक्तात युरिया साठत जातो. एरवी तो बाहेर टाकायचा कचरा, पण इथे कामी येतो, रक्त दाट झालं की सुकत्या मातीतलंही पाणी आत ओढता येतं, निदान आतलं तरी बाहेर जात नाही. वरची दोन बोटं माती भिजवून गेलेल्या सरीची खबर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोचते तेव्हा सगळे एकदमच वर येतात. नर हळदीसारखे पिवळे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. काही दिवसांत तो रंग उतरतो.

ओरडणं स्वस्त नसतं. नर ओरडताना विश्रांतीच्या कित्येक पट प्राणवायू खर्च करतो आणि तो खर्च महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या अंगातून होतो. नेमक्या त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं शेतात उतरतात. बेडकाच्या मांसाचं 'जंपिंग चिकन' हे नाव गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. परदेशात पाय पाठवणं १९८७ पासून बंद आहे, पकडणं कायद्याने गुन्हा आहे, तरी एका वर्षी आमच्या खालच्या मळ्यातून दोन गोण्या गेल्या. अंडी घालायच्या आधीच नेलेले बेडूक. त्या पावसाळ्यात मळ्यात आवाज इतका विरळ होता की मी एकेक मोजू शकत होते.

आवाज मोजण्याबद्दल. एकच नर निवडा, कळपातला नको, कारण शेजारी ओरडला की हाही चढाओढीने ओरडतो. मी झुडपातल्या चिमुकल्या बेडकाचा "टिक-टिक" घेते. फोनवर मिनिटभर ध्वनिमुद्रण करा, घरी येऊन मोजा, शेजारी तापमान लिहा. आवाज काढणारे स्नायू थंडीत मंद चालतात, गरम रात्री त्यांचा ठेका वाढतो. अंगातली रासायनिक कामं साधारण दहा अंशांनी दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात, त्याचाच हा कानांना ऐकू येणारा पुरावा. सपाटीवर महिनाभर बसलात तरी फरक जाणवणार नाही, पावसाळ्यातल्या रात्री इथे सगळ्या सारख्याच. म्हणून एका रात्री चोर्ला घाट चढा. वर सुमारे ८०० मीटरवर तापमान चार-पाच अंशांनी उतरतं, आणि तोच "टिक-टिक" रेंगाळून येतो. जात तीच आहे याची मात्र खात्री करा. घाटात झुडपातले बेडूक अनेक जातींचे आहेत आणि मी स्वतः दोनदा फसले आहे.

ह्याच झुडपातल्या बेडकांची पिल्लं डबक्यात सापडत नाहीत. ती अंड्यातूनच छोटे बेडूक होऊन बाहेर येतात, पाण्यात पोहणारी अवस्थाच नसते. त्यांना डबकं नको, आठवडेभर न सुकणारी हवा हवी. उलट आमच्या न्हाणीतल्या पाहुण्याची मादी पाण्याच्या वर फेसाचं घरटं करते. वरचा फेस कडक होतो, आत अंडी ओली राहतात, आणि बेडूकमासे खाली पाण्यात गळतात. म्हणजे एकाच आठवड्याच्या उघडिपीचा त्रास दोघांना सारखा होत नाही. नोंद करताना "उघडीप, सात दिवस" एवढंच लिहू नका. कुणाची अंडी कुठे होती तेही लिहा.

बेडूकमाशांच्या बाबतीत मी एक मोठी चूक केली, ती सांगते. शाळेत दाखवायला म्हणून चिरेखाणीतल्या डबक्यातून वीस-पंचवीस आणले आणि काळ्या प्लास्टिकच्या टबात आवारातल्या चिऱ्यांच्या कठड्यावर ठेवले. चार दिवस पाऊस होता. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दुपारी जाऊन बघते तर सगळे वर येऊन तोंड उघडत होते. पाण्यात हात घातला, आंघोळीच्या पाण्यासारखं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गरम अंगाला तो जास्त लागतो, दोन्हीकडून कात्री. सावलीत नेऊन हळूहळू गार पाणी घातलं तेव्हा निम्मे वाचले. त्यानंतर मी काही घरी आणत नाही. काठीला थर्मामीटर बांधून डबक्यातच बुडवते, पृष्ठभागावर एकदा आणि तळाशी एकदा. त्याच काठीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, म्हणजे खोलीही कळते.

दोन डबकी निवडा, एक उन्हातलं उथळ, एक सावलीतलं खोल, आणि दर तीन दिवसांनी त्याच वेळी जा. उन्हातल्यांना पाय लवकर फुटतील. पण बाहेर पडणारी बेडकं लहान असतील. ऊब वाढीपेक्षा रूपांतराला जास्त घाई करते. पाणी आटू लागलं की अनेक जातींत तणावाचं संप्रेरक वाढतं, ते थायरॉइडच्या कामाला जोर देतं आणि शेपूट लवकर झडते. डबक्यातून जीव वाचतो, पण अंग कमावायचं राहून जातं. एवढ्याशा अंगातून पाणी लवकर उडतं, हे मोदक छोटा करून पाहिलंत तर कळेल.

एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून धुवा आणि पूर्ण सुकवा. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे. ती कातडीतून होणारी सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. तिला १७ ते २५ अंश मानवतात, तिशीच्या आसपास तिची वाढ थांबते. म्हणून घाटातल्या गार ओढ्यांकडे जाताना मी जास्त जपते.

किनाऱ्याकडे राहणाऱ्यांनी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बघावं. मीठ ओल्या कातडीतलं पाणी बाहेर ओढतं, त्यामुळे भरतीचं पाणी आत घेतलेल्या भागात शांतता असते. जोराच्या पावसाने शेत गोडं झालं की आवाज बांधाबांधाने पुढे सरकतो. आग्नेय आशियातल्या खारफुटीत एक बेडूक आहे, तो अंगात युरिया साठवून खाऱ्या पाण्यात खेकडे खात फिरतो, पण तो अपवादच. आणि कुळागरात आळं खणताना गांडुळासारखं, पण निळसर झाक असलेलं, तोंड-डोळे असलेलं काही वर आलं तर कुदळ थांबवा. ते देवगांडूळ, बिनपायाचा उभयचर. त्यातल्या एका जातीला २००७ साली गोव्याचंच नाव दिलं गेलं. त्याची सगळी हवा म्हणजे ती ओली माती.

वहीचं पान कसं दिसतं, ते सांगते. माझं एक जसंच्या तसं:

"रात्री ९.४०. सुका २६, ओला २५.५. सकाळपासून ४१ मिमी. न्हाणीत नाही. मागच्या दारी हळदीच्या पानावर, हातपाय मोकळे, रंग गडद तपकिरी. खालच्या मळ्यात मोठे तीन. टिक-टिक मिनिटाला जमला नाही, पाऊस जोरात."

शेवटच्या वाक्यासारखी वाक्यं खोडू नका. २०२३ मध्ये पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, २०२५ मध्ये मे संपायच्या आत आमच्या दारात होता. अशा वर्षांची तुलना करताना न जमलेल्या नोंदींच्या तारखाही उपयोगी पडतात. मृगाची वाट बघू नका, वही मेच्या पंधरा तारखेला उघडा आणि थर्मामीटरची चिंधी धुऊन ठेवा. चुन्याच्या पाण्याने ती कडक होते, मग आकडा उतरतच नाही.

न्हाणीतला सध्या झरोक्याखाली आहे, हातपाय आत, फिका. सोप्यावर फरक सहा अंश आहे. आज रात्री मी लादीवर एक तांब्या जास्त ओतणार आहे.